विजेच्या स्कूटरचे दुकान : आधी हिशेब, मग पाटी

सभासद बंधूंनो, उसाचे बिल हाती आले की मुलाला मैंदर्गीत विजेच्या स्कूटरचे दुकान काढून द्यावे, असे कुणाच्याही मनात येईल. परंतु आधी कायदा पाहा. मोटार २५० वॉटच्या आत व वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या मान्यताप्राप्त गाडीस नोंदणी व लायसन लागत नाही. त्याहून जोरदार गाड्या विकायच्या तर आर.टी.ओ.चे ट्रेड सर्टिफिकेट हवे.

चार्जिंग पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते, हे खरे. पण बॅटरी दमली की मोठा खर्च एकदम अंगावर येतो. गिऱ्हाईक विचारणारच, "बिघडली तर अक्कलकोटपर्यंत ढकलत न्यायची का?" म्हणून पोराला आधी दुरुस्ती शिकवा. बॅटरीची हमी व सुटे भाग यांबद्दल कंपनीकडून लेखी घ्या. मगच पैसे गुंतवा.