घरच्या घरी मराठी : आजी-आजोबांसाठी एक पाठ



सारा जन्म शिक्षकी केली, पण स्वतःच्या नातीला मराठी शिकविताना मी नापास झालो. दर रविवारी पाटी पुढे ठेवून बाराखडी गिरवून घेत असे. चौथ्या रविवारी सहा वर्षांची ती पोर पलंगाखाली लपली. अलिबागहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला की ती तो माझ्या हाती देऊन पळे. बहिणीला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. म्हणजे दोघींचे बोलणेच खुंटले होते.

हीच मुलगी शाळेतून येताना फ्रेंच गाणी म्हणत येते! मग दोष तिच्यात नसून माझ्या पद्धतीत होता.

फ्रेंच शिकविण्याची ही रीत याच देशातली आहे. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहामुळे १९६५ साली बालवर्ग निघाला. त्यात २६ मुले होती. बाई त्यांच्याशी फ्रेंचमध्येच बोलत. मुले सुरुवातीला इंग्रजीत उत्तर देत, तरी कोणी रागवत नसे. मॅक्गिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर यांनी या मुलांचा अभ्यास करून १९७२ मध्ये पुस्तक लिहिले. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले आणि त्यांचे इंग्रजीही मागे पडले नाही. तेव्हा "मराठीने इंग्रजी बिघडेल" ही भीती सोडून द्यावी.

आपल्या हिब्रूचेच पाहा. १८८२ साली यरुशलेमात एलिएझर बेन येहूदा यांना मुलगा झाला. घरात त्याच्याशी फक्त हिब्रूच बोलायचे, असा त्यांनी नेम केला. प्रार्थनेची भाषा घरात आणायची तर घरगुती शब्द हवेत. म्हणून बाहुलीला 'बुबा', आईस्क्रीमला 'ग्लिदा' असे शब्द त्यांनी घडविले. आपल्याला मराठीत तेवढेही कष्ट नाहीत. शब्द तयार आहेत, फक्त वापरायचे आहेत.

मी पाटी ठेवून दिली आणि पुढीलप्रमाणे सुरुवात केली.

१. आधी कान, मग जीभ. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ घ्यावा : "शिवाजी म्हणतो, नाक धर! शिवाजी म्हणतो, उडी मार!" मुलाने बोलायचे नाही, फक्त करायचे. अमेरिकेत जेम्स अॅशर या प्राध्यापकांनी हुकूम ऐकून कृती करण्याची अशीच पद्धत मांडली.

२. कामातून शब्द. थंडीत बाहेर निघताना "टोपी घाल, मोजे चढव, दार लाव". मलिद्याच्या वेळी "पोहे भिजव, खोबरे घाल, गूळ कालव". हात चालला की शब्द आपोआप बसतो.

३. लिंग वस्तूंवरून. तो पेला, ती वाटी, ते ताट. जेवणाची पाने मांडताना रोज म्हणावे. व्याकरण सांगू नये.

४. चूक दाखवू नये. नात म्हणाली, "माझा ताट." मी म्हणालो, "हो, हे तुझं ताट, घे." बरोबर रूप कानी पडले, पुरे.

५. मुलींशी घरातील बायकांनीही बोलावे. माझे ऐकून नात "मी जातो" म्हणू लागली. आजीने "मी जाते" म्हणता म्हणता ते सुधारले.

रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण खाडा नको. अक्षरे नंतर शिकवावीत. बोलता येऊ लागले की ती जड जात नाहीत.

गेल्या महिन्यात अलिबागहून फोन आला. नातीने तो माझ्या हाती दिला नाही. "आत्याआजी, तू जेवलीस?" असे विचारले. पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग बहीण म्हणाली, "जेवले ग बाई. तू जेवलीस?"

पाठ एवढाच. आजच संध्याकाळी पाने मांडताना सुरुवात करावी.