कंपाउंड धनुष्याची पेटी घेताना
शिरोळ भागातून अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या बाजूने इथं येणाऱ्यांना किराणा कुठं मिळतो, लायसन कसं काढायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. धनुष्याच्या पेटीबद्दल विचारणारे पूर्वी क्वचित असायचे, आता वाढलेत. एक तर इथल्या बऱ्याच शाळांत धनुर्विद्या शिकवतात. 2002 साली केंटकी राज्यात सुरू झालेला शालेय उपक्रम देशभर पसरला, आणि पोरं घरी येऊन स्वतःचं धनुष्य मागतात. ऑक्टोबर उजाडला की ऑफिसातला एखादा सहकारी हरणाच्या शिकारीला जायला निघतो आणि तुम्हालाही चला म्हणतो. शिवाय गावाकडून निरोप येतो : येताना भाच्यासाठी एक धनुष्य आणा. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला, आणि दोघंही साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे तयार झालेले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. त्यामुळे हे निरोप इतक्यात थांबतील असं वाटत नाही.

खालची माहिती इथं जुन्या झालेल्या घरांतून गोळा केली आहे. सगळ्यांचं सगळ्यावर एकमत नाही. जिथं नाही तिथं आम्ही आमचं मत दिलंय.

पहिला प्रश्न हाच की हार्ड केस हवीच का? घरापासून रेंजपर्यंत गाडीने जायचं आणि परत यायचं एवढंच असेल तर नको. जाड अस्तराची कापडी बॅग पुरते. नवी हौस म्हणून तीनशे डॉलरची पेटी घेऊन ती गॅरेजमध्ये टाकलेली घरं आमच्या ओळखीत आहेत. विमान, पिकअपची मागची उघडी बाजू, किंवा पाऊसपाण्यातला कॅम्प यांपैकी काही असेल तरच पुढचं वाचा.

ऑलिम्पिकला आजवर दिसणारं रिकर्व्ह धनुष्य सुटं होतं. मधला दांडा वेगळा, दोन्ही पाती वेगळी, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. कंपाउंडचं तसं नाही. त्याची दोरी आणि केबल कायम ताणलेल्या असतात, टोकांना कॅम म्हणजे फिरत्या चकत्या असतात, आणि दोरी काढायची तर बो प्रेस नावाचं यंत्र लागतं. म्हणून ते आहे तसंच, ताणलेल्या अवस्थेत न्यावं लागतं. दोरीला काप गेला किंवा कॅमची कड वाकली तर पुढच्या ओढीला दोरी सुटून सगळं धनुष्य हातात फुटू शकतं. पेटी निवडताना रंग खरचटेल का याच्या आधी या दोन गोष्टींची काळजी करायची.

आता माप. इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कॅटलॉगमध्ये जे 'अ‍ॅक्सल टू अ‍ॅक्सल' माप छापतात, ते एका चकतीच्या आसापासून दुसरीच्या आसापर्यंतचं. चकत्या त्याच्याही बाहेर येतात. धनुष्य सतरंजीवर आडवं ठेवा, वरच्या कॅमच्या बाहेरच्या कडेपासून खालच्या कॅमच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. जे येईल त्यात दोन्ही टोकांना किमान एकेक इंच मोकळी जागा धरा. मग पेटीचं आतलं माप बघा, बाहेरचं नाही. जाहिरातीत ठळक अक्षरांत बाहेरचं माप देणारे आहेत. एसकेबी कंपनीच्या काही पेट्यांच्या नंबरातच आतलं माप येतं : 4217-7 म्हणजे 42 इंच लांब, 17 रुंद, खोली साधारण 7.

शिकारीचं धनुष्य आखूड असतं, कारण झाडावरच्या मचाणीत आणि झुडपात वळायचं असतं. साधारण 28 ते 34 इंच. भाच्याला स्पर्धेसाठी लागणारं मात्र बऱ्याचदा 36 ते 40 इंची. म्हणजे दुकानात 'बो केस' म्हणून मांडलेली शिकारीची पेटी घेऊन ठेवली आणि पुढच्या वर्षी त्यात टार्गेटचं धनुष्य घालायला गेलात, तर झाकण लागणार नाही. कोणतं धनुष्य घेणार हे ठरल्याशिवाय पेटी घेऊ नका. सेलमध्ये दिसली तरीसुद्धा.

खोलीकडेही लक्ष द्या. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, आणि बाणांचा भाता लावलेला राहणार असेल तर सात इंच कमी पडतात. बहुतेक जण भाता आणि स्टॅबिलायझर, म्हणजे तोल सांभाळणारा दांडा, काढतात, साइट ठेवतात. साइट काढायची असेल तर ती कुठल्या रेघेवर होती याची आधी बारीक खूण करून ठेवा.

आतला फोम हाताने दाबून बघा. बारीक बंद छिद्रांचा, दाबला की परत वर येणारा फोम चांगला. अंड्याच्या ट्रेसारखा मऊ स्पंज लवकर बसतो आणि ओल धरून ठेवतो. पट्टे कुठं येतात तेही तपासा. पट्टा मधल्या दांड्यावर, म्हणजे रायझरवर यायला हवा, दोरीवर किंवा पात्यांवर नाही. झाकण लावल्यावर कॅमवर दाब येत असेल तर ती पेटी परत करा, कितीही नावाजलेली असली तरी.

विमानाचं गणित थोडं कडू आहे. बऱ्याच विमान कंपन्यांची साध्या चेक-इन बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून 62 इंच आणि वजन 50 पौंड. वर सांगितलेल्या पेटीची आतलीच बेरीज 66 होते. म्हणजे बहुतेक हार्ड केस या मर्यादेच्या बाहेरच राहणार. काही कंपन्या खेळाचं साहित्य म्हणून सवलत देतात, काही जादा पैसे घेतात. तिकीट काढायच्या आधी फोन करा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. चाकांची मोठी पेटी रिकामीच वीसेक पौंडांची असते, धनुष्य सहा-सात पौंडांचं, वर बाण आणि अवजारं. उरलेल्या जागेत आईसाठी बदाम भरायचा मोह होतो. भरा, पण धनुष्याला धक्का न देणाऱ्या कोपऱ्यात.

धनुष्य आणि बाण केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इनमध्येच द्यायचे. बाणांची टोकं काढून वेगळ्या डबीत गुंडाळून ठेवा. शिकारीची धारदार पाती, म्हणजे ब्रॉडहेड, भारतात नेऊच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथं शिकारीला बंदी आहे आणि टार्गेटला त्यांचा काही उपयोग नाही. उसात रानडुकरं शिरतात हे खरं, पण तो विषय वनखात्याच्या परवानगीचा आहे, पाहुण्याच्या धनुष्याचा नाही. काउंटरवर 'वेपन' हा शब्द काढू नका, 'आर्चरी इक्विपमेंट' म्हणा. कुलूप तपासणीवाल्यांना उघडता येईल असं टीएसए-मान्य लावा, नाहीतर ते तोडतात. पेटी तुमच्या माघारी उघडली जाते आणि परत कशीही भरली जाते, म्हणून सगळं नीट लावलेल्या पेटीचा रंगीत फोटो छापून झाकणाच्या आत चिकटवा. बिलाची प्रत सोबत ठेवा, कस्टमला विचारतात.

रबरी कडेची हवाबंद पेटी घेणार असाल तर हवेचा दाब सोडणारी झडप आहे का ते बघा. ती हाताने फिरवायची असेल तर विमान उतरल्यावर झाकण हलत नाही आणि लोक स्क्रूड्रायव्हर घालून कड फोडतात. आधी झडप सैल करा.

उष्णता ही वेगळीच भानगड आहे. टेक्सासमध्ये जुलैत बंद गाडीत पेटी ठेवून दिवसभर ऑफिसला गेलात तर दोरी ताणली जाते. हल्लीच्या बऱ्याच दोऱ्यांचा धागा उष्णतेत हळूहळू लांबतो, मग नेम बसत नाही आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. काळ्या पेटीत हे लवकर होतं. काळ्या रंगावरून आमच्यात वाद आहे. आमचं मत, फिकट रंगाची घ्यावी.

गावाकडचा प्रश्न ओलीचा. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. हवाबंद पेटीत ओलं धनुष्य बंद केलं तर ती ओल आतच राहते आणि स्क्रूंवर गंज चढतो. पुसा, पंख्याखाली वाळवा, मग बंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडा. 2005, 2019, 2021 या तिन्ही पुरांचं पाणी तालुक्याने पाहिलंय, तेव्हा पेटी माळ्यावर ठेवायला सांगा. हवाबंद पेटी पाण्यावर तरंगते हे खरं, पण मग ती राजापूर बंधाऱ्याच्या दिशेने निघते.

इथं, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उघडं धनुष्य घेऊन लिफ्टमधून जाऊ नका. शेजारी घाबरून पोलिसांना फोन करतात. गाडीत धनुष्य कसं ठेवायचं याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते त्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर बघा. शिकारीला जायचं तर आधी सुरक्षा प्रशिक्षण आणि लायसन. मिशिगनमध्ये धनुष्याचा मोसम 1 ऑक्टोबरला उघडतो, तेव्हा कोर्स उन्हाळ्यातच उरकावा.

निघण्याआधी दोन्ही कॅमवरच्या टायमिंगच्या, म्हणजे चकत्या जुळून फिरतात का हे दाखवणाऱ्या, खुणांचा जवळून फोटो काढा, दोरी आणि दांड्यातलं अंतर मोजून लिहून ठेवा. उतरल्यावर विमानतळाबाहेर पडण्याआधी पेटी उघडा. तक्रार तिथल्याच काउंटरवर नोंदवावी लागते. घरी गेल्यावर त्याच खुणा, तेच अंतर परत बघा. फरक दिसला तर भाच्याला धनुष्य ओढू देऊ नका, आणि बाणाशिवाय दोरी सोडून बघायला तर मुळीच नाही. जवळच्या धनुर्विद्या अकादमीत प्रेस आहे का याची चौकशी इथून निघायच्या आधीच फोनवर करून ठेवा.