अपुऱ्या दिवसांचे मूल : जोखीम आगाऊ ओळखता येते काय?

गर्भवती स्त्रीचे ‘दिवस भरले’ असे आपण म्हणतो. हे दिवस किती, याचा हिशेब अखेरच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. तो सुमारे २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा होतो. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे होय. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष मुले जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष एकट्या भारतात. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

अशी प्रसूती कोणाची होईल, हे आधी कळेल काय? काही खुणा अनुभवी दाईसही ठाऊक असतात : पूर्वीचे एखादे मूल अपुऱ्या दिवसांचे असणे, किंवा पोटात जुळे असणे. परंतु पहिलटकरणीस मागचा इतिहासच नसतो. म्हणून शास्त्रज्ञांनी गर्भाशयग्रीवेकडे, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या मानेकडे, लक्ष वळविले. प्रसूती जवळ आली की ही मान आखूड होते, आणि सोनोग्राफीने तिची लांबी मोजता येते.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २,९१५ स्त्रियांची अशी मोजणी केली होती. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास जिची मान २५ मिलिमीटर वा त्याहून आखूड, अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे १८ जणी ३५ आठवड्यांपूर्वी प्रसूत झाल्या. इतरांत हे प्रमाण शेकडा ३ होते. फरक मोठा खरा. पण वाचकाने क्षणभर थांबून उलट बाजूही पाहावी. आखूड मान असूनही ८२ जणी तो टप्पा सुखरूप ओलांडून गेल्या. शिवाय ज्या लवकर प्रसूत झाल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांची मान आखूड नव्हतीच. (‘जोखीम’ हा शब्द येथे केवळ संभव या अर्थी घ्यावा, ते भविष्यकथन नव्हे.)

मग मोजण्याचा उपयोग काय? २००७ सालच्या एका प्रयोगात, मान १५ मिलिमीटर वा त्याहून आखूड असलेल्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दिले. चौतिसाव्या आठवड्यापूर्वीच्या प्रसूती शेकडा ३४ वरून १९ वर आल्या.

तथापि या साऱ्या गणिताचा पाया म्हणजे गर्भाचे वय, आणि आपल्याकडे पुष्कळदा नेमके तेच चुकते. पाळीची तारीख स्मरत नाही. पोटाच्या उंचीवरून केलेला अंदाज ढोबळ असतो. प्रसूती लवकर होईलसे वाटल्यास मातेस डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देतात. त्याने गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, नागपूर व बेळगाव परिसरांसह सहा देशांत झालेल्या प्रयोगात वय ठाऊक नसल्यास पोटाची उंची फितीने मोजून हे औषध दिले गेले. ते मिळालेल्या बहुसंख्य मातांची मुले लहान नव्हतीच; नवजात मृत्यू घटण्याऐवजी एकंदरीत काहीसे वाढले. उलट २०२० सालच्या प्रयोगात गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित करून, सुसज्ज रुग्णालयांतच औषध दिले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा २३.५ वरून १९.६ पर्यंत उतरले. दोन्हींत औषध एकच होते.

वय मोजण्याची सूत्रेही बहुधा पाश्चात्त्य स्त्रियांच्या मापांवरून बांधलेली. म्हणून २०१५ पासून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात हजारो गर्भवतींची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. ‘गर्भिणी’ नावाच्या या उपक्रमातून, फरीदाबादची एक संशोधन संस्था व मद्रासची आयआयटी यांनी २०२४ मध्ये भारतीय मापांवर आधारलेले नवे सूत्र जाहीर केले. गर्भारपणाच्या उत्तरार्धातील वयाच्या अंदाजातील चूक त्यामुळे सुमारे एक तृतीयांशावर येते. तरीही पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी याहून अधिक विश्वसनीय असते, कारण त्या काळात सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात.