गच्चीवरचे ऊन

ठाण्याच्या नौपाडा भागात, गोखले रस्त्यापासून थोडी आत, एक जुनी चार मजली इमारत आहे. तीत बारा बिऱ्हाडे राहतात. काही वर्षांपूर्वी तेथील रहिवाशांनी वर्गणी काढून गच्चीवर सोलर पॅनेल बसविली. जिन्यातील दिवे आणि पाणी वर चढविणारा पंप यांचे बिल त्यामुळे पुष्कळ उतरले आणि सर्वांना मोठे समाधान वाटले. सूर्य आपला, गच्ची आपली, तेव्हा वीजही आपलीच, असे जो तो म्हणू लागला.

सोमवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मात्र विलक्षण प्रकार घडला. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील वीज एकाएकी गेली. रुळांवर गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. करोनाच्या साथीमुळे शाळा तेव्हा घरूनच चालत; त्याही खोळंबल्या. नौपाड्यातील त्या इमारतीत पंप चालू होता, तोही मध्येच थांबला आणि गच्चीवरची टाकी अर्धीच भरली.

तिसऱ्या मजल्यावरील एक सातवीतला मुलगा धावत गच्चीवर गेला. पाहतो तो काय, पॅनेलांवर लख्ख ऊन पडले होते. पण भिंतीवरच्या इन्व्हर्टरवर तांबडा दिवा लागला होता, आणि पंप मुका! तो खाली येऊन आजोबांना म्हणाला, “आजोबा, सूर्य तर आहे. मग आपली वीज कोठे गेली? ते यंत्र बिघडले वाटते.”

आजोबांनी तेहतीस वर्षे विजेच्या तारांवर चढण्याचे काम केले होते. ते म्हणाले, “बिघडले नाही रे. त्याने शहाणपणा केला आहे. ये, बैस इथे.”

मग त्यांनी आपल्या तरुणपणातील एक हकीकत सांगितली. पावसाळ्यात एकदा तार तुटली होती. वरून वीज बंद करून आजोबा व त्यांचे एक सोबती खांबावर चढले. तार निर्जीव आहे अशी दोघांची खात्री होती. इतक्यात जवळच्याच एका कार्यालयात कोणीतरी खाजगी जनित्र चालू केले. त्याची जोडणी नीट तोडलेली नव्हती. त्या जनित्राची वीज उलट वाटेने तारेत शिरली. सोबत्याचा जीव वाचला, परंतु उजवा हात कायमचा गेला.

“तेव्हा बाहेरची वीज गेली,” आजोबा म्हणाले, “की गच्चीवरच्या यंत्राने त्याच क्षणी स्वतःला तारेपासून तोडून घ्यायचे, असा नियम आहे. तुझा पंप थांबला म्हणून तू रागावलास. पण या घटकेस कोणीतरी खांबावर चढलेला असेल, त्याचे मूल घरी वाट पाहत असेल.”

मुलगा काही वेळ गप्प राहिला. नंतर त्याने विचारले, “पण बाहेरची वीज तरी का गेली?”

या प्रश्नाचे उत्तर नौपाड्यात सापडण्यासारखे नव्हते. आपल्या घरी येणारी वीज फार लांबचा प्रवास करून येते. चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळशावर आणि कोयनेला पाण्यावर ती तयार होते. तिचा दाब अतिशय वाढवून, उंच मनोऱ्यांवरील तारांमधून, ती आपल्या प्रदेशात आणली जाते. एके काळी ठाकुर्लीला रेल्वेचे स्वतःचे वीजघर होते; १९२९ साली सुरू झालेले ते वीजघर आता बंद पडले आहे. भिवंडी तालुक्यातील पडघे आणि ठाण्याच्या खाडीपलीकडील कळवा ही या मार्गावरील दोन मोठी ठाणी आहेत. त्यांना जोडणाऱ्या तारांचा दाब ४०० किलोव्होल्ट, म्हणजे चार लक्ष व्होल्ट असतो. तेथून पुढे उपकेंद्रांमध्ये दाब पायरीपायरीने उतरवीत, शेवटी रस्त्याच्या कडेच्या रोहित्रातून, ज्यास लोक डीपी म्हणतात, ती घरात शिरते. त्या दिवशी या भागाकडे येणाऱ्या मोठ्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या. त्यांचा भार उरलेल्या वाहिन्यांवर पडला आणि त्याही पाठोपाठ सुटल्या. चारजणांची पालखी दोघांच्या खांद्यावर यावी आणि त्यांनीही ती खाली ठेवावी, तसे झाले.

विजेच्या या विस्तीर्ण जाळ्याचा एक धर्म ध्यानात घेतला पाहिजे. धान्य कणगीत भरून ठेवता येते. तारेतील वीज तशी भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी वीज लोक वापरतात, त्याच क्षणी तितकीच कोठेतरी निर्माण व्हावी लागते. तुम्ही पंख्याचे बटण दाबता, तेव्हा कोठल्यातरी वीजघरातील चक्रावर इवलासा भार वाढतो.

पूर्वी घरोघरी पहाटे जाती फिरत. जाते रिकामे असले म्हणजे भराभर फिरते. मूठभर दाणे टाकले की खुंटा जड लागतो आणि वेग मंदावतो. वेग राखायचा तर हाताने अधिक जोर लावावा लागतो. वीजघरातील चक्राचेही तसेच आहे. मोठ्या औष्णिक वीजघरातील चक्र मिनिटास तीन हजार, म्हणजे सेकंदास पन्नास फेरे घेते. देशातील अशी सर्व चक्रे एकाच तालात फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी जोडले गेले, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ताल एकच झाला. मागणी वाढली की हा ताल पन्नासाच्या खाली सरकू लागतो, मागणी घटली की वर चढतो. तो ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान राखावा असा दंडक आहे. आपल्या राज्यापुरते हे काम ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोलीजवळ असलेल्या राज्य भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस चालते. नौपाड्यातील किती माणसांना या शेजाऱ्याचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे!

जड जात्याचा आणखी एक गुण असा की, हात सोडला तरी ते लगेच थांबत नाही. आपल्याच वजनाने दोन फेरे घेते. वीजघरातील अवजड चक्रेही एखादा आघात झाल्यास काही क्षण ताल सांभाळून धरतात आणि तेवढ्यात सावरण्यास वेळ मिळतो. सोलर पॅनेलात मात्र फिरणारे काहीच नसते. ढग आला की वीज उतरली, ढग सरला की चढली. एका गच्चीने काही बिघडत नाही. परंतु २०२५ च्या जानेवारीत भारताची सौर विजेची क्षमता एक लक्ष मेगावॅटच्या वर गेली. तेव्हा आता ही गोष्ट गच्चीपुरती राहिलेली नाही.

सूर्याचे घड्याळ आणि माणसाचे घड्याळ यांचा मेळ नाही, ही खरी अडचण आहे. सूर्य सर्वाधिक वीज देतो ती भर दुपारी. आपण मात्र संध्याकाळी घरी येतो, दिवे लावतो, पंखे व वातानुकूलन यंत्रे चालू करतो, आणि नेमका त्याच वेळी सूर्य मावळतो. सौर विजेची कमी आणि मागणीची वाढ या दोन्ही गोष्टी एकाच घटकेस येऊन ठेपतात. ती पोकळी तासा-दोन तासांत कोणीतरी भरून काढावी लागते. कोळशाचे वीजघर म्हणजे मोठी भट्टी. ती घटकाभरात विझवता किंवा पेटविता येत नाही. हे काम पाणी उत्तम करते.

त्याची परीक्षा सर्व देशाने ५ एप्रिल २०२० रोजी पाहिली. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. नौपाड्याच्या गॅलऱ्यांतूनही त्या रात्री पणत्या उजळल्या. लोकांना तो एक सोहळा वाटला. जाळे सांभाळणाऱ्यांच्या मात्र पोटात गोळा उठला होता. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली, आणि दिवे लागताच पुन्हा चढली. जलविद्युत केंद्रांनी आपली वीजनिर्मिती झपाट्याने उतरविली, मग तितक्याच झपाट्याने वाढविली. जाळे अभंग राहिले. सूर्य रोज सायंकाळी जाळ्याला अशीच ओढ देतो. फक्त जरा सावकाश.

पाण्याचा उपयोग याहूनही कुशलतेने करता येतो. आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या सीमेवर त्याचा नमुना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात, घाटघर येथे एक जलाशय आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात दुसरा. वीज विपुल असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवितात. टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. वर चढविण्यास जितकी वीज लागते, तितकी सगळी परत मिळत नाही, हे खरे. तथापि दुपारी वाया जाणारी वीज रात्री उपयोगी पडली, तर हा तोटा पत्करण्यासारखा आहे. अशी केंद्रे आरंभी रात्रीची उरलेली वीज वापरावी म्हणून बांधीत. सूर्याने आता हे गणितच फिरविले आहे. पाणी वर चढविण्याची वेळ मध्यरात्रीऐवजी मध्यान्ह होऊ लागली आहे. मोठमोठ्या बॅटऱ्याही हेच काम करू लागल्या आहेत.

ऊन जेथे अधिक तेथे माणसे विरळ, हाही एक पेच आहे. राजस्थानातील भडला येथे दोन हजारांहून अधिक मेगावॅटचे सौर उद्यान वाळवंटात उभे आहे. पॅनेले मांडण्यास काही महिने पुरतात, पण वीज शहरापर्यंत नेणारे मनोरे उभारण्यास वर्षे लागतात. जमीन मिळवावी लागते, जंगल ओलांडावे लागते. २०२५ मध्ये राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळे भर दुपारी तयार होऊ शकणारी काही वीज सोडून द्यावी लागली. विहीर भरली, पण पोहरा लहान!

महाराष्ट्राने शेतीच्या बाबतीत वेगळी वाट धरली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. खेड्यातील उपकेंद्राजवळच लहान सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज दिवसा जवळच्या शेतीपंपांना द्यावयाची, असा तिचा आराखडा आहे. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची आरंभीची गावे. शेतीला वीज रात्री मिळे, तेव्हा शेतकरी काळोखात पाणी द्यावयास जाई. बांधावर साप, उसात बिबट्या. दिवसा वीज मिळाली की ती भीती टळते. शिवाय वीज जेथे झाली तेथेच वापरली गेली, म्हणजे लांबच्या तारांवर भार नाही. सूर्याच्या घड्याळाप्रमाणे काम नेमण्याचा हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो.

शहरात तो जमेल काय? नौपाड्यातील जुन्या इमारती पाडून तेथे उंच मनोरे उभे राहत आहेत. बारा बिऱ्हाडांच्या जागी पन्नास येतात. गच्ची मात्र वाढत नाही आणि शेजारच्या मनोऱ्याची सावली तिच्यावर पडते. एक किलोवॅटच्या पॅनेलांस सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाकाठी सरासरी चार युनिट वीज मिळते. यावरून कोणीही हिशेब करून पाहावा. नौपाडा केवळ आपल्या गच्च्यांवर जगू शकणार नाही. त्याला जाळे हवेच.

आपल्या गोष्टीतील इमारतीत २०२२ साली वार्षिक सभा भरली. आजोबा उठून म्हणाले, “आपला पंप संध्याकाळी सात वाजता चालतो. तो दुपारी साडेबाराला चालवू या.”

चिटणीसांनी विचारले, “काका, त्याने बिलात काय फरक पडणार? दुपारी आपली वीज बाहेर जाते, रात्री आपण तितकीच परत घेतो. मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. अशी सोय राज्यात २०१५ च्या नियमांनी झाली आहे.”

“मीटरला फरक पडत नाही,” आजोबा म्हणाले, “पण तारेला पडतो. दुपारी आपण दिलेली वीज शेजाऱ्याने तेव्हाच वापरली; ती आपली वाट पाहत बसत नाही. रात्री सातला आपण घेतो, ती कोठल्यातरी भट्टीतून किंवा धरणातून त्या क्षणी काढावी लागते. आणि उद्या या गल्लीतील साऱ्या गच्च्यांवर पॅनेले आली, तर भर दुपारी एवढी वीज उलटी त्या एका डीपीकडे धावेल. दाब वाढला, की आपली यंत्रे आपणच बंद पडतील.”

सभेत थोडी कुजबुज झाली. एका बाईंनी दुपारच्या झोपेत पंपाचा आवाज नको, अशी हरकत घेतली. पंपाखाली रबर घालण्याचे ठरले. दुसऱ्या दिवशी साडेबाराला नातवाने कळ दाबली. जिन्याखालच्या टाकीतील पाणी उन्हाच्या जोरावर चार मजले चढून गच्चीवरच्या टाकीत पडू लागले. टाकीच्या कडेशी उभा राहून तो ओरडला, “आजोबा, हे आपले घाटघर!”

अभ्यास

१. भर उन्हातही गच्चीवरचा इन्व्हर्टर का बंद राहिला? आजोबांच्या हकिकतीच्या आधारे लिहा.
२. जात्याचा दृष्टान्त कोणती गोष्ट स्पष्ट करण्यासाठी दिला आहे?
३. “मीटरला फरक पडत नाही, पण तारेला पडतो.” या वाक्याचा अर्थ सांगा.
४. तुमच्या घरातील विजेच्या मीटरचा आकडा एक दिवस सकाळी नऊ, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता लिहून ठेवा. कोणत्या वेळी वीज अधिक लागली? त्यातील कोणते काम उन्हाच्या वेळी करता आले असते?