केस मागे घेण्याआधी

पोरी, नाशिकची केस काढून घ्यायची आणि माहेरी, कोल्हापुरात, नव्याने टाकायची म्हणतेस. दर तारखेला इतक्या लांब जायचं, कोर्टाच्या आवारात त्याच माणसांसमोर उभं राहायचं, याने जीव मेटाकुटीला येतो. कायदाही तुझ्या बाजूने आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम २७ मध्ये, बाई जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; मुक्काम तात्पुरता असला तरी चालतो. तरीही सही करायची घाई करू नकोस.

आधी बघ, अंतरिम आदेश झालाय का. संरक्षणाचा, पोटगीचा, कसलाही. केस मागे घेतलीस की तोही जातो, आणि नवा मिळेपर्यंत नवऱ्याला दारात येण्यापासून अडवणारा कागद तुझ्या हातात राहत नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती याच दिवसांची वाटते. खरं तर त्या आदेशासाठी कोर्ट बदलायची गरजच नसते, तो साऱ्या भारतात लागू असतो. संरक्षणाचा आदेश त्याने कोल्हापुरात येऊन मोडला, तर तिथल्याच पोलिसांकडे जा.

मग पैशाचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय. जुना अर्ज गेला की ती तारीखही गेली, मोजणी नव्या अर्जापासून. केस वर्ष-दोन वर्षं चाललेली असेल, तर हे नुकसान मोठं आहे. आदेश होऊनही पैसे थकले असतील, तर वसुलीचं काय ते आधी मार्गी लाव. आणि वकिलांना विचार, केस मागे न घेता बदली करून मिळेल का. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यायची तर उच्च न्यायालयात अर्ज करायचा; दुसऱ्या राज्यात न्यायची तर सर्वोच्च न्यायालयात. वेळ लागतो, पण झालेलं काम वाया जात नाही.

मागेच घ्यायची ठरली, तर पुरसिस, म्हणजे तसं कोर्टाला कळवायचं लेखी निवेदन, स्वतः वाच. वाचल्याशिवाय सही नको, वकील कितीही ओळखीचे असोत. ‘तडजोड झाली’, ‘आता तक्रार नाही’ असलं एकही वाक्य त्यात नको, तेच कागद उद्या तुझ्यासमोर धरतील. राहण्याचं ठिकाण बदललं म्हणून, आणि योग्य कोर्टात नव्याने अर्ज करायची मुभा ठेवून केस मागे घेते, असं लिहून घे. कोर्टाच्या आदेशातही ती मुभा आली का, ते त्याच दिवशी पाहा. आदेशाची, रोजनाम्याची आणि संरक्षण अधिकाऱ्यांच्या अहवालाची प्रमाणित नक्कल माग. दाखल केलेले मूळ कागद परत मिळवायचे राहू देऊ नकोस.

कोल्हापूरचा अर्ज, शपथपत्र, मिळकतीचा तपशील सगळं आधीच तयार ठेव, म्हणजे मधे दिवस जाणार नाहीत. जुन्या केसचा नंबर आणि ती का काढली हे नव्या अर्जात उघड लिही. लपवलंस तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच काढेल. राहण्याचा पुरावा जोड: भाडेकरार, मुलाचा शाळेतला दाखला, नोकरीचं पत्र; नाहीच तर आईचं शपथपत्र. फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि मधल्या दिवसांत त्याने त्रास दिला तर तारखेची वाट पाहू नकोस, १८१ ला फोन कर.