हाताला न लागणारा बोल्ट

साखर कारखान्याचा पट्टा पडला, की पलूस, कुंडल, भिलवडीकडे ऊस ओढून दमलेल्या ट्रकची कामं निघतात. क्लच प्लेट घासली असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही. मजुरी वाचते म्हणून काही जण हे काम दारातच काढतात. प्रोपेलर शाफ्ट सुटतो, बेल हाउसिंगचे खालचे बोल्टही पटापट निघतात. काम अडतं ते वरच्या दोन-तीन बोल्टवर! वर कॅबिनचा पत्रा, पुढे इंजिन. जो पाना बसतो तो फिरत नाही आणि जो फिरेल तो बसत नाही. इथे नुसती ताकद उपयोगाची नाही.

आधी जिवाची काळजी

ट्रकचा गिअरबॉक्स म्हणजे शंभर किलोच्या वरचं धूड. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चासी उचलली असेल तर खाली घोड्या हव्यातच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचं नाही.

अवघड आधी, सोपे शेवटी

नवखा माणूस हाताला येतील ते बोल्ट आधी काढतो. मग सगळं वजन उरलेल्या वरच्या बोल्टवर येतं आणि ते आणखी जाम होतात. म्हणून गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन वरचे बोल्ट आधी काढावेत आणि बाजूचे दोन सोपे बोल्ट शेवटपर्यंत ठेवावेत.

वर जागाच नसेल तर ती करावी लागते. मागचा क्रॉस मेंबर सोडून जॅक हळूहळू दोन-तीन इंच खाली घ्या. इंजिन पुढच्या माउंटिंगवर कलतं आणि वरचे बोल्ट पत्र्यापासून लांब येतात. पण इंजिनलाही खालून आधार हवा, आणि पंखा रेडिएटरला टेकत नाही ना, होस पाइप ताणले जात नाहीत ना, हे बघत राहायचं.

पीळ कुठे जातो?

आता सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोटी. गिअरबॉक्सच्या शेपटीकडून लांब एक्स्टेन्शन घालून बोल्ट गाठतात. हँडल फिरतं, वाटतं बोल्ट सुटला. पण तो जागचा हललेलाही नसतो! आपलं टॉर्शनचं सूत्र आठवा: पिळाचा कोन म्हणजे टॉर्क गुणिले लांबी, भागिले जी गुणिले जे. स्टीलची १२ मिमी जाडीची, ७५० मिमी लांबीची दांडी आणि ६० न्यूटन-मीटर टॉर्क धरला, तर पीळ येतो जवळजवळ १६ अंश. हँडलला फिरायला २० अंशच जागा असेल, तर त्यातले १६ दांडीतच संपले. पण जे हे जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. दांडी १६ मिमीची घेतली की पीळ ५ अंशांवर येतो. म्हणजे लांबी लागेल तेवढीच, जाडी मिळेल तेवढी.

बोल्ट अचानक सुटला की साठलेला पीळही एकदम मोकळा होतो आणि बोटं चासीवर आपटतात. म्हणून हँडल शक्यतो आपल्याकडे ओढावं. ढकलावंच लागलं, तर उघड्या तळव्याने.

सरळ रेषेत पोचता येत नसेल तर गोटीजवळ युनिव्हर्सल जॉइंट लावतात. त्याचा कोन १५ अंश असेल तर वेगातला चढउतार साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ३० अंशांना तो वाढून एका बाजूला तेरा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा टक्क्यांवर जातो. शिवाय गोटी तिरकी होऊन बोल्टचं डोकं गोल करते. जॉइंट लुळा पडत असेल तर त्याला टेप गुंडाळा. गोटी बारा कोनी नको, सहा कोनीच घ्या. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

शेवटचे बोल्ट निघाले की गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. तो इनपुट शाफ्टवर लोंबकळला तर क्लच प्लेटचा हब वाकतो. दोन भोकांत लांब स्टड घातले तर वजन त्यांच्यावर सरकतं.

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून शेजारी असल्यामुळे पलूसमध्ये पाना चालवणारे हात पुष्कळ आहेत. दांडी जाड घ्यायची हे त्यांना हाताने कळतं, आपल्याला सूत्राने. सुट्टीत घरी गेल्यावर एखाद्या मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून दोन्ही जुळवून बघा. परीक्षेत टॉर्शनवर प्रश्न आला तर तो पाठ करावा लागणार नाही!