ऑपरेशन नडगीचं, तपासणी अंगठ्याची!

प्रश्न : वडील स्कूटरवरून पडले, नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातला. पहिल्या रात्री सिस्टर तासातासाला येऊन अंगठ्याचं नख दाबायच्या, "काका, बोटं हलवा बघू" म्हणायच्या. वडिलांच्या झोपेचं खोबरं झालं. दुखणं नडगीला नि लक्ष अंगठ्याकडे, असं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नडगी बँडेजखाली झाकलेली, उघडी फक्त बोटं. मग आतली खबर त्यांच्याकडूनच काढावी लागते. नख दाबलं की पांढरं पडतं. सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी झालं, तर रक्त पोचतंय. बोटं हलली, स्पर्श कळला, तर नसा शाबूत. अंगठा वर उचलणाऱ्या स्नायूची नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाला वळसा घालून कातडीलगत जाते. घट्ट बँडेज तिथे रुतलं की ती सहज दबते.

खरी धास्ती निराळीच. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बसवलेले असतात आणि कप्प्यांचे पडदे ताणत नाहीत. आत सूज चढली की दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. सहाएक तासांत ते कायमचे निकामी होऊ शकतात. तातडीने पडदे कापून दाब मोकळा करावा लागतो. यात नख गुलाबी राहून फसवू शकतं. आधी बोलतं ते दुखणं : इंजेक्शन देऊनही न हटणारं, बोट हलकेच ताणलं तरी पोटरीत कळ आणणारं. रात्री दोनला चढलेली सूज सकाळच्या राउंडची वाट बघत नाही, म्हणून ती झोपमोड.

घरी आल्यावर काय? जागेपणी तासातासाला पाऊल वरखाली करायला सांगा. पोटरी आवळते-सुटते, रक्त वर ढकललं जातं, गुठळीचा धोका कमी होतो. पाय उंच ठेवताना उशी पोटरीखाली लांबवर द्या, टाच अधांतरी राहू द्या. टेकून राहिली तर तिथे जखम होते. नुसत्या गुडघ्याखाली उशी नको, गुडघा आखडतो.

आणि आजी तेलाची वाटी घेऊन आल्या, तर त्यांना प्रेमाने थांबवा. पोटरीत गुठळी असली तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट दवाखाना गाठा.